गार प्रोसेसर

१

मी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करते. आर्किटेक्ट नकाशे पाठवतात, मी संगणकावर भिंत न् भिंत उभी करते, खिडकीतून ऊन आत सोडते, सोफ्यावर उशा टाकते आणि 'रेंडर'चं बटण दाबते. पुढचं काम प्रोसेसरचं. प्रत्येक किरण कुठून येतो, कुठे आपटतो, आपटून किती उरतो, हे तो बघत बसतो आणि मी चहा करायला जाते. एका चित्राला तासभर लागतो. फिरतं चित्र असेल तर दिवसच्या दिवस.

त्या उन्हाळ्यात एका मोठ्या इमारतीचं काम आलं. आतून-बाहेरून फिरवून दाखवणारी फिल्म हवी होती. मुदत ऐकून मी फोनवर हसले. पलीकडचा माणूस हसला नाही. म्हणून मी भट्टीला बोलावलं.

भट्टी हा माझा कॉलेजातला मित्र. संगणक जुळवून देण्याचा धंदा करतो. त्याच्या खोलीतली यंत्रं इतकी तापायची की थंडीच्या दिवसांत सगळी मुलं अभ्यासाच्या नावाखाली त्याच्याकडे जाऊन बसायची, तेव्हापासून हे नाव. खरं नाव त्याची आईच काय ती घेते.

"कारखान्यात चिपला एक वेग ठरवून देतात," तो खाली मांडी घालून बसत म्हणाला. "जपून दिलेला असतो, शाळेच्या बसला देतात तसा. आपण ते कुलूप काढायचं आणि वेग वाढवायचा. धाप लागली तर वरून थोडं जास्त व्होल्टेज पाजायचं. ओव्हरक्लॉकिंग."

"आणि बिघडली म्हणजे?"

"बिघडते ती तापून. ताप बाहेर काढता आला तर घोडं पळतं, नाही काढता आला तर मरतं." त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय केली. "नव्वदच्या वर गेला की बंद कर. आधी बंद कर, मग मला फोन कर. तुझं नेहमी उलटं असतं."

"घरातल्या सगळ्यांनाच लागू आहे हे," दारातून सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. वॉकर धरून ठक ठक करत त्या घरभर फिरायच्या आणि कुठेही, कुणाचंही बोलणं चालू असलं तरी त्यात आपली भर टाकायच्या. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. आमचं पटायचं. भांडायचोही, पण ते चहात साखर किती यावर.

त्या दिवशी आकडा शहाऐंशीपर्यंत गेला. संगणकाच्या कॅबिनेटच्या मागून भट्टीच्याच नावाला शोभेल अशी गरम हवा येत होती. मी खिडकी उघडली. चित्रं भराभर येत होती. मी खूश होते.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी सहज कोपऱ्यात बघितलं, तर आकडा एकतीस.

मला वाटलं, रेंडर बंद पडलं. पण ते चालू होतं. कालच्यापेक्षा जोरात. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, माझ्या मानेवरून घाम ओघळत होता आणि जीव तोडून पळणारी चिप खोलीपेक्षा गार होती.

असं होत नाही. मला एवढं कळतं. चिपवर बसवलेल्या कूलरचा फॅन खोलीतलीच हवा तिच्या अंगावर फेकतो. खोलीपेक्षा गार तो तिला करूच शकत नाही. ओल्या टॉवेलनं अंग पुसून आपण टॉवेलपेक्षा कोरडे कसे होणार?

"सेन्सर गेला असेल," भट्टी फोनवर म्हणाला आणि संध्याकाळच्या आत हजर झाला. त्याच्याकडे लांबून तापमान मोजायचं एक पिस्तुलासारखं यंत्र असतं. कॅबिनेटची काच काढून त्यानं ते आत रोखलं. एकतीस. मग त्यानं प्लगमधल्या मीटरवर बघितलं. वीज पोटभर खाल्ली जात होती. एखादा हीटर खाईल तितकी.

"एवढी वीज आत जाते," तो स्वतःशीच पुटपुटला. "ती उष्णता होऊन बाहेर यायलाच हवी. मग जाते कुठे?"

त्यानं कूलरच्या धातूवर बोट ठेवलं. लगेच काढून घेतलं.

"काय झालं?"

"गार आहे."

मग त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. त्यानं वेग अजून वाढवला, व्होल्टेज वाढवलं. इतक्या वेगाला चिप एरवी क्षणात मान टाकते, म्हणाला. आकडा एकतिसावरून तिसावर आला. तो हसला, फोटो काढले. पण चहा घ्यायला मात्र खोलीत थांबला नाही. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, कप दोन्ही हातांत धरून प्यायला, आणि ते एक बोट कपावर फिरवत राहिला.

३

सासूबाईंना माझी खोली आवडायला लागली. साऱ्या घरात उकडत असताना तिथे गारवा असायचा. कॅबिनेट टेबलाच्या बाजूला एका बुटक्या स्टुलावर होतं, त्याची पाठ खिडकीच्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात एक आरामखुर्ची होती. दुपारचं जेवण झालं की त्या तिच्यात पाय लांब करून बसायच्या, विणकाम घ्यायच्या आणि माझ्या चित्रांतल्या घरांना नावं ठेवायच्या.

"या घरात माणसं कपडे वाळत कुठे घालणार?"

"आई, ते घर विकायचं आहे. कपडे वाळत घातलेले दाखवले तर कोण घेईल?"

"मी घेईन. निदान तिथं कुणी राहतंय असं वाटेल."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी वळून बघितलं तर खुर्ची रिकामी होती. त्या दाराजवळच्या कॉटवर जाऊन बसल्या होत्या. वॉकरशिवाय. म्हणजे भिंतीला धरून गेल्या असणार.

"तिथून का उठलात? गुडघा दुखला?"

"गुडघ्याचं काही नाही." त्या जरा ओशाळल्या. "मला सारखं मधे आल्यासारखं वाटायला लागलं."

"कशाच्या मधे?"

त्यांनी सुया थांबवल्या. "शेकोटी असते बघ. कुणीतरी शेकत बसलेलं असतं आणि आपण नकळत जाऊन त्याच्या पुढ्यात बसतो. ते काही बोलत नाही, पण पाठीला कळतं की आपण त्याची ऊब अडवली. तसं."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी शाल मागितली.

४

आता मी आवाज ऐकायला लागले.

त्या यंत्राचा आवाज मला माझ्या श्वासासारखा पाठ आहे. सगळे फॅन मिळून एक सूर लागतो. चालत्या फॅनसमोर आपण तळहात धरला तर तो सूर बदलतो, किंचित दबतो. दुपारी काम करता करता तसा सूर दबायचा. थोड्या वेळानं मोकळा व्हायचा. पुन्हा दबायचा.

पडदा असेल, म्हणून मी पडदा बांधून ठेवला. धूळ असेल, म्हणून फॅन साफ केले. मग एक उपाय सुचला. टिश्यू पेपरच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि कॅबिनेटच्या पाठीला, हवा जिथून बाहेर पडते तिथे वरून एका ओळीत चिकटवल्या. छान फडफडायला लागल्या. हवा नीट येतेय एवढंच मला बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

बराच वेळ झाला. सूर दबला. मी खुर्ची न हलवता फक्त मान वळवली.

कडेच्या पट्ट्या फडफडत होत्या. मधल्या पट्ट्या सरळ खाली लोंबत होत्या, वारा पडलेल्या दिवशीच्या पानांसारख्या. बघता बघता ती निश्चल जागा थोडी डावीकडे सरकली. उजवीकडची एक पट्टी उडायला लागली, डावीकडची एक थांबली. बसल्या जागी कुणी एका मांडीवरचा भार दुसऱ्या मांडीवर घ्यावा, तशी.

फॅनमधली हवा कधी कधी भोवऱ्यात फिरते. एकमेकांची हवा छेदतातही फॅन. हे सगळं मला माहीत होतं आणि ते मी मनातल्या मनात शब्दांत म्हटलंसुद्धा. मग त्या पट्ट्यांपुढे हात नेला. मनगटापर्यंत गार झाला. विहिरीत दोर सोडल्यासारखा वाटला माझा हात मला, माझाच, पण लांब खाली गेलेला.

पट्ट्या काढून टाकल्या. खुर्ची कोपऱ्यातून बाहेर आणायचा विचार होता. ती मात्र तशीच राहू दिली.

५

फिल्म वेळेआधी पोचली. तो न हसणारा माणूस फोनवर चक्क वाहवा म्हणाला. मी त्याच दुपारी वेग उतरवून मूळच्या जागी आणला. काम संपलं होतं, उगीच चिप झिजवण्यात अर्थ नव्हता. कारण म्हणून मी भट्टीला हेच सांगितलं.

आकडा चढला. चाळीस, पन्नास, आणि तिथे स्थिरावला. मागून कोमट हवा यायला लागली. कोपरा नुसता कोपरा झाला. मी खिडकीत उभी राहून खाली रस्त्यावरची वर्दळ बघत मोठ्यानं एक सुस्कारा सोडला.

"अगं, ही पिशवी भरलीस का नुसतीच दिलीस?" बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

गुडघा शेकायला मी त्यांना गरम पाण्याची पिशवी नुकतीच दिली होती. हातात घेतली तर माठातलं पाणी भरल्यासारखी. कपातला चहा निवून त्याच्यावर साय धरली होती.

"मला थंडी वाजतेय," त्या म्हणाल्या. बोलताना हनुवटी हलत होती. "या बाजूनंच वाजतेय. उजवी बाजू ठीक आहे."

त्यांच्या डाव्या हाताला हात लावला. तो हात मी ओळखला. म्हणजे, तो गारवा ओळखला.

थर्मामीटर लावला. वाचून झटकला, पुन्हा लावला. ओठ निळे पडत चालले होते. दोन रजया घातल्या, माळ्यावरचा हीटर काढून समोर लावला. दांडी लालभडक झाली. माझ्या नडग्या भाजत होत्या आणि त्याच हीटरपासून हातभर अंतरावर बसून त्या कुडकुडत होत्या.

"हीटर सुरू आहे ना गं?" त्यांनी विचारलं. "दिसतोय लाल. पण माझ्यापर्यंत येतच नाहीये. कुणीतरी पुढ्यात बसल्यासारखं."

मी धावत खोलीत गेले. वेग होता तसा वर नेला, व्होल्टेज चढवलं, जुनीच एक फाइल उघडून रेंडर लावलं. पंचावन्न. साठ. सत्तर. आकडा चढतच राहिला आणि मी स्क्रीनपुढे उभी राहून, कुणाला ते ठाऊक नाही, पण "चल, चल, इकडे चल" म्हणत होते.

मग तो घसरला. एकतीस.

बाहेर सासूबाईंनी रजई भिरकावली. "बाई बाई, काय हा उकाडा! बंद कर तो हीटर. जीव घेतेस का माझा?"

६

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. सगळं ठाकठीक. या वयात असं होतं, म्हणाले, गरम कपडे घाला.

नवऱ्याला फोन केला.

"आईला थंडी वाजतेय तर हीटर लाव ना."

"लावला होता. आणि उन्हाळा आहे."

"मग पंखा बंद कर."

त्याच्याशी याहून जास्त बोलणं मला जमलं नाही. काय सांगणार होते? मी यंत्र चालू ठेवलं. संपलेली फिल्म पुन्हा पुन्हा रेंडर करत ठेवली. कुणीच राहत नसलेल्या त्या खोल्यांत तेच ऊन परत परत पडत राहिलं. मी त्या खोलीत बसायचं सोडलं होतं. दारातून वाकून आकडा बघायची आणि मागे फिरायची.

एकदा जेवताना सासूबाई सरळ म्हणाल्या, "ते यंत्र तू माझ्यासाठी चालू ठेवतेस ना?"

घास हातातच राहिला.

"मी म्हातारी आहे, बावळट नाही. यंत्र बंद असलं की ते माझ्याकडे येतं. चालू असलं की तिथे बसतं."

"आई, असं काही नसतं."

"नसतं तर बंद कर बघू."

मी बंद केलं नाही. त्यांनी माझ्या ताटात वाढलं आणि विषय बदलला.

मग यंत्र मधेच बंद पडायला लागलं. पहिल्यांदा पडलं तेव्हा स्क्रीन निळा झाला आणि परत सुरू होईपर्यंत सासूबाईंचा डावा हात बधिर झाला होता. मी भट्टीला बोलावून सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, उंबरठ्याच्या आत आलाच नाही.

"चिप एकदम मरत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "जास्त व्होल्टेजनं आतले मार्ग झिजतात. काल ज्या वेगाला उभी राहायची, त्याला आज पडते. उभी ठेवायला अजून व्होल्टेज द्यायचं, की अजून झिजते. गार ठेवून नुकसान लांबतं, पण टळत नाही."

"किती टिकेल?"

"सांगता येत नाही." तो खिडकीच्या कोपऱ्याकडे बघत होता. "तुला एक बोललो नाही मी. त्या दिवशी कूलरवर बोट ठेवलं ना, तेव्हा तिथे आधीच हात होता."

मी कोपऱ्याकडे बघितलं.

"दिसला नाही काही. पण होता. आपण बसमध्ये दांडा धरायला जातो आणि तिथे दुसऱ्याचा हात असतो, तसा. मी म्हटलं असेल काहीतरी. वेग वाढवला आणि घरी गेलो." त्यानं ते बोट मुठीत घेतलं. "वाढवायला नको होता."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचं यंत्र गाडीत घालून घेऊन आला. त्यानं जिवापाड जपलेलं. मोठा श्वास घेऊन खोलीत शिरला, माझ्या यंत्राशेजारी ते मांडलं आणि तितक्याच वेगानं पळवलं. दारात उभं राहून आम्ही दोघं त्याचा आकडा बघत राहिलो. सत्तर. ऐंशी. नव्वद. ते तापलं, चारचौघांसारखं तापलं. त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. शेजारी माझं तीसवर होतं.

७

नणंदेच्या गावी त्यांना पाठवायचं ठरवलं. गाडी सांगितली, बॅग भरली. सासूबाईंनी बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले.

"मी गेले आणि ते यंत्र मेलं, तर मागे घरात कोण?"

"मी आहे ना."

"तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "गप्प बस आता."

दोन दिवसांनी भर दुपारी ते यंत्र गेलं. मी भांडी लावत होते. फॅनचा सूर तुटला, परत लागायचा प्रयत्न केला आणि थांबला. कसलासा जळका, धातूचा वास आला. खोलीत जाऊन बटण दाबलं, वायर काढून घातली, पुन्हा दाबलं. काळा स्क्रीन. कॅबिनेटची काच उघडून कूलरवर हात ठेवला तर चटका बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

बाहेर आले तेव्हा सासूबाई सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. विणकाम मांडीवर होतं. तोंडातून वाफ निघत होती. उन्हाळ्यात, भर दुपारी, त्यांच्या तोंडातून वाफ.

"रेलून बसलंय," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "डावीकडे. घाबरू नकोस. काही करत नाही ते. नुसतं रेलतंय."

"मी ॲम्ब्युलन्स..."

"येईपर्यंत मी राहत नाही बहुतेक."

हे त्यांनी साखर संपलीय असं सांगावं तसं सांगितलं. नखं निळी झाली होती. पापण्या जड होत होत्या.

मी काय केलं ते मी विचार करून केलं नाही. सोफ्याच्या डाव्या बाजूला, त्यांच्या आणि सोफ्याच्या कडेच्या मधल्या त्या रिकाम्या जागेत मी अंग चोरून शिरले आणि त्यांना घट्ट चिकटून बसले. जागा रिकामी दिसत होती. बसताना ती रिकामी नव्हती. थोडा वेळ काहीतरी तिथेच राहिलं, मग त्यानं मला जागा करून दिली.

आणि मग ते माझ्यावर रेललं.

पकड नव्हती, दात नव्हते, राग नव्हता. लांबच्या प्रवासात शेजारचं अनोळखी पोर झोपेत आपल्या खांद्यावर कलंडतं, तेवढंच वजन. फक्त त्या खांद्यापासून माझ्यातलं ऊन उतरत गेलं. काखेतून, बरगड्यांतून, पोटातून. शेवटी मला माझ्या दातांचा आवाज ऐकू यायला लागला.

सासूबाईंचा हात माझ्या हातात होता. तो कोमट झाला. मग गरम झाला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"सरक," त्या म्हणाल्या.

"नाही."

"अगं, सरक म्हणते ना! थोडा वेळ मी, थोडा वेळ तू. इतकी वर्षं स्वयंपाक कसा वाटून घेतला?"

माझं अंग हलत नव्हतं. त्यांनीच मला ओलांडून, ऑपरेशनच्या गुडघ्यानिशी, कण्हत, शिव्या देत, पलीकडे बसून घेतलं. भार माझ्यावरून उचलला गेला. मी श्वास घेतला, आणि दुपारची गरम हवा छातीत एवढी गोड लागली की मला रडू फुटलं.

अंधारायला लागेपर्यंत आम्ही अशाच जागा बदलत राहिलो. कुणीच मेलं नाही.

८

मग तसंच चालू राहिलं. भट्टीनं नवी चिप बसवली, ती मूळच्या वेगानं चालते आणि व्यवस्थित तापते. खोलीतला कोपरा मोकळा आहे. मी तिथे पुन्हा कामं करते.

ते आता आमच्याकडे असतं. एक दिवस त्यांच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. ज्या दिवशी माझ्याकडे, त्या दिवशी मी स्वेटर घालून काम करते आणि दर थोड्या वेळानं त्या काहीतरी गरम आणून पुढ्यात ठेवतात. त्यांच्या दिवशी मी ठेवते. आम्ही दोघी बारीक झालोय. नवरा घरी येतो तेव्हा म्हणतो, तुमचे दोघींचे हात किती गार! त्याच्याकडे आम्ही ते जाऊ देत नाही. तो आला की जिची पाळी असेल ती त्याच्यापासून लांब बसते. सासू-सुनेचं एवढं गूळपीठ त्याला जरा संशयास्पद वाटतं.

भीती उरलेली नाही असं मी म्हणणार नाही, पण सवय झाली. सासूबाई त्याच्याशी बोलतातसुद्धा. "नीट बस," म्हणतात. "सुया लागतील."

परवा त्यांचा दिवस होता. माझी सुटी. अशा दिवशी मी कडकडीत पाण्यानं अंघोळ करते, हाडांत मुरलेलं सगळं काढून टाकते. सकाळची कामं आटोपली, न्हाणीघराचं दार लावलं, गरम नळ सोडला आणि बादली भरत ठेवली. वाफ धरायला लागली. आरसा गेला, खिडकी गेली. पांढऱ्या वाफेत मी डोळे मिटून उभी होते. इतकं बरं वाटत होतं.

"अगं ए," बाहेरून सासूबाईंची हाक आली. "बाहेर आलीस की चहा तूच टाक. हे माझ्या खांद्यावर गाढ झोपलंय, मला हलता येईना."

"हो, आई," म्हणत मी डोळे उघडले.

बादलीच्या पलीकडे वाफ जात नव्हती.

बाकी सगळीकडे ती दाट होती, हात पुढे केला तर हात दिसेनासा व्हावा इतकी. तिथे मात्र फरशांची भिंत स्वच्छ दिसत होती. बादलीपासून वर, माझ्या डोक्यापर्यंत उंच, खांद्यांशी रुंद. वाफ त्या जागेच्या कडेनं वळून वर जात होती. आणि खाली, पाण्यावर, वाफेला शेजारी शेजारी दोन भोकं पडली होती. तळहातांएवढी.

बादली भरली. गरम पाणी काठावरून वाहून माझ्या पायांवरून मोरीकडे जाऊ लागलं. मी नळ बंद केला नाही. पाठ भिंतीला लावली, आणि आवाज शक्य तितका नेहमीचा ठेवून बाहेर ओरडले,

"आलेच, आई. तुम्ही उठू नका."